टर्बो की सुपरचार्जर? आधी उंची सांग

हेब्बाळच्या उड्डाणपुलाजवळ राहणाऱ्याला टर्बोचा आवाज कुणी समजावून द्यावा लागत नाही. रात्र चढली की ट्रक आणि टँकर बाह्य वळण रस्त्यावर येतात. पुलाच्या चढावर ड्रायव्हर गिअर उतरवतो, रेस देतो, आणि इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शीळ चढत जाते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरणारं, तळहातावर मावेल एवढं चाक ती शीळ घालतं. मिनिटाला लाखभर फेरे घेतं ते. पिंपरी-चिंचवडमध्ये डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर माझी उमेदीची वर्षं गेली, पुढे त्याच कामासाठी मी बंगळूरला आले आणि हेब्बाळची झाले. ही शीळ ऐकली की वरच्या ट्रकात किती माल भरलाय याचा अंदाज मला खिडकीत न जाताही येतो.

माझा भाचा कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या सडबरीला असतो. गेल्या हिवाळ्यात त्याने फोनवर विचारलं, ‘‘मावशी, माझ्या स्नोमोबाइलची ताकद वाढवायची आहे. फोर-स्ट्रोक आहे. टर्बो बसवू की सुपरचार्जर?’’

मी म्हटलं, ‘‘आधी उंची सांग. गाडी समुद्रसपाटीपासून किती वर चालवतोस?’’

त्याला वाटलं होतं, मी बजेट विचारेन. पण या प्रश्नाची किल्ली उंचीतच आहे, आणि ती हाती आली की घाटात चालणाऱ्या तुमच्या-आमच्या मोटारीचंही बरंच काही उलगडतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

स्नोमोबाइल आपल्याकडे अनेकांनी गुलमर्गला पाहिली असेल. तिथले लोक तिला स्नो बाइक किंवा स्नो स्कूटर म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मध्ये मोटारसायकलसारखी बैठक. सियाचिनच्या बर्फात आपलं लष्करही ती वापरतं. क्युबेकच्या जोसेफ-आर्मान्ड बोम्बार्डिये यांच्या कंपनीने १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली आणि ही गाडी घरोघरी पोचली. ऑन्टारिओत स्नोमोबाइल क्लबांनी राखलेल्या आखीव वाटांचं जाळं तीस हजार किलोमीटरहून मोठं आहे. अशा दाबून सपाट केलेल्या वाटांवर धावणारी ती ट्रेल स्नोमोबाइल. डोंगरउतारावरच्या भुसभुशीत, कमरेएवढ्या बर्फात चढणारी माउंटन स्नोमोबाइल ही तिची बहीण असली तरी स्वभावाने फार वेगळी आहे. माझ्या भाच्याची गाडी पहिल्या जातीची, आणि तो ज्या जाहिराती वाचत होता त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या जातीच्या.

आता हवेकडे येऊ. इंजिनाची ताकद पेट्रोलात असते असं आपण धरून चालतो. पण पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे. ते जाळायला लागणारी हवा सिलिंडरमध्ये भरणं अवघड. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. ही हवा साधं इंजिन स्वतःच्या श्वासाने ओढतं, म्हणजे बाहेर जेवढा दाब असेल तेवढंच त्याला मिळतं. समुद्रसपाटीवरचा दाब शंभर धरला तर हेब्बाळला, सुमारे ९२० मीटरवर, तो नव्वदच्या आसपास असतो. रविवारी पहाटे बंगळूरची तरुण मंडळी आमच्याच बल्लारी रोडने नंदी हिल्सला पळतात. तिथे वर, १,४७८ मीटरवर, तो चौऱ्याऐंशीच्या जवळ येतो. गुलमर्गला बहात्तर. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत, ५,३५९ मीटरवर, निम्मा. मुंबईत शंभर अश्वशक्ती देणारं साधं इंजिन खारदुंग ला वर जेमतेम पन्नास देतं. गाडीला दम लागतो असं आपण म्हणतो, ते अक्षरशः खरं आहे.

ही हवा दाबून भरायचे दोन मार्ग आहेत. लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणा. सुपरचार्जर म्हणजे लोहाराने स्वतःच्या हाताने हलवायचा भाता: हात हलला की लगेच वारा, पण त्या श्रमाची ताकद हातोड्यातून वजा. टर्बो म्हणजे भट्टीच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम झोताने फिरणारा भाता: श्रम जवळजवळ फुकट, पण भट्टी पेटून झोत जोर धरेपर्यंत थांबायला हवं. यंत्राच्या भाषेत, सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्याने किंवा गिअरने फिरतो, टर्बो एक्झॉस्टमधल्या टर्बाइनवर. इंजिनात हवा ढकलणारे ब्लोअर अमेरिकेतल्या रूट्स बंधूंच्या १८६० च्या पंपावरून आले. एक्झॉस्टवर चालणाऱ्या टर्बोचं पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतलं.

सुपरचार्जर किती ताकद खातो? दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानात बसणाऱ्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचा हिशेब नेहमी दिला जातो. त्याचा एकटप्पी सुपरचार्जर फिरवायला सुमारे १५० अश्वशक्ती लागायची, आणि त्या बदल्यात सुमारे ४०० मिळायची. निव्वळ नफा अडीचशेचा. सौदा वाईट नाही, पण ही दीडशे इंजिनाने पेट्रोल जाळून आधी तयार करायची आणि मग खर्चायची.

खरी मेख पुढे आहे. सुपरचार्जर इंजिनाशी ठरावीक प्रमाणात बांधलेला असतो, त्यामुळे तो हवेला ठरावीक पटीनेच दाबतो. दीडपट म्हणजे दीडपट. समुद्रकाठी शंभरचे दीडशे होतात; गुलमर्गला बहात्तरचे एकशे आठ. विरळ हवेने जेवढी टक्केवारी साध्या इंजिनाची कापली, तेवढीच या इंजिनाचीही कापली. टर्बोचं तसं नाही. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने टर्बाइनमधून धूर अधिक मोकळेपणी निसटतो, वेस्टगेट नावाची झडप बंद राहून सगळा धूर टर्बाइनवरच सोडते, चाक अधिक वेगाने फिरतं आणि विरळ हवेला दोनपट दाबून पुन्हा दीडशेजवळ आणतं. चाकाची वेगाची मर्यादा येईपर्यंत हे चालतं. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅन्फर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये हे सिद्ध केलं. अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर त्यांनी लिबर्टी विमानइंजिन चढवलं. समुद्रसपाटीजवळ साडेतीनशे अश्वशक्ती देणारं हे इंजिन माथ्यावर २३० वर घसरलं. टर्बो जोडल्यावर तिथेच ३५६ मिळाली. मर्लिनवाल्यांना मात्र उंचीसाठी सुपरचार्जरला दोन टप्पे आणि दोन गिअर द्यावे लागले, तेव्हा मर्लिन ६१ जन्माला आलं.

या इतिहासाचा एक धागा बंगळूरमधून पुण्याला जातो, आणि तो मला फार प्रिय आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. आजची एचएएल ती हीच. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी आपली बी-२४ लिबरेटर बॉम्बफेकी विमानं कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. एचएएलच्या लोकांनी ती उडण्याजोगी केली आणि त्यांचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत आणली. कारखान्यात नीट दुरुस्त होऊन त्यातली सुमारे चाळीस विमानं आपल्या हवाई दलात गेली. १९४८ मध्ये पाचवी स्क्वॉड्रन त्यांच्यावर उभी राहिली, आणि पुढे सहावी स्क्वॉड्रन पुण्याहून याच विमानांनी समुद्रावर पहारा देत असे. १९६८ च्या अखेरीस ही विमानं निवृत्त झाली. या विमानाच्या प्रत्येक इंजिनाला दोन्ही होते: आत गिअरवर फिरणारा सुपरचार्जर आणि बाहेर एक्झॉस्टवर चालणारा टर्बो. खालच्या हवेत पहिला पुरे, वर गेलं की दुसरा उणीव भरून काढी. भंगारातून उचललेली ही दुहेरी यंत्रणा आपल्या कारागिरांनी वीस वर्षं चालती ठेवली. भारतीय यांत्रिकांच्या इतिहासात या कामाला जेवढी जागा मिळायला हवी होती, तेवढी मिळालेली नाही असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही एकत्र करण्याचा मोह मोटारवाल्यांनाही झाला. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरच्या इंजिनाला खालच्या फेऱ्यांसाठी सुपरचार्जर आणि वरच्यांसाठी टर्बो दिला. इंजिन गुणी होतं, पण गुंतागुंतीचं आणि महाग. पुढे कंपनीने सुपरचार्जर काढून टाकला. रेल्वेत मात्र जोडणी टिकली. हुबळीच्या डिझेल शेडने जी डब्ल्यूडीजी-४ मालगाडी-इंजिनं प्रथम सांभाळली, त्यांचा टर्बो कमी भारावर गिअरने फिरतो, आणि धुराचा जोर पुरेसा झाला की एक क्लच त्याला गिअरपासून मोकळा करतो. चार हजार अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला सुरुवातीपासून बाहेरून हवा लागतेच, म्हणून ही युक्ती.

पुन्हा भाच्याच्या वाटेवर येते. ट्रेलवर माणूस सरळ रेषेत पूर्ण रेस देऊन जात नाही. झाडांमधून वळणं, उंचवटे, समोरून येणारी गाडी. रेस सोड, दे, पुन्हा सोड. नंदी हिल्सच्या पेचांवर छोटी टर्बो पेट्रोल मोटार चालवणाऱ्यांना हा अनुभव आहे. वळणात पाय उचलला, बाहेर पडताना दाबला, आणि क्षणभर काहीच होत नाही. मग एकदम ढकलल्यासारखं होतं. हा टर्बो लॅग. मोटारीत तो नुसता त्रास आहे. बर्फाच्या वळणावर स्की अजून तिरपी असताना ताकद उशिरा आणि एकदम आली, तर गाडी वाटेबाहेर झाडाकडे जाते. ‘ट्रेलसाठी सुपरचार्जर बरा, हात फिरवला की लगेच ताकद’ असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा म्हणूनच खरा आहे. आणखी एक फायदा कमी बोलला जातो: लाल तापणारी टर्बाइन नसल्यामुळे सीटच्या पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली उष्णता कमी राहते.

पण इथे एक बारकावा आहे. यामाहाच्या फोर-स्ट्रोक स्नोमोबाइलना बाहेरून बसवायचे जे सुपरचार्जर संच मिळत आले, ते बहुतेक सेंट्रिफ्यूगल जातीचे, टर्बोच्या अर्ध्या भागासारखेच, फक्त पट्ट्यावर फिरणारे. त्यांचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे निम्मे असतील तर दाब पूर्ण दाबाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. ट्रेलवर रमतगमत जाताना इंजिन निम्म्या फेऱ्यांवरच असतं, म्हणजे ज्या ‘लगेच’साठी हा संच घेतला ते ‘लगेच’ तिथे फारसं मिळत नाही. ते देणारा रूट्स जातीचा ब्लोअर जड असतो, हवा जास्त तापवतो, आणि स्नोमोबाइलवर क्वचितच बसतो.

हवा तापण्याविषयी बोलायलाच हवं, कारण टेस्ट बेडवर आमचे दिवस ताकदीपेक्षा उष्णतेशी झगडण्यात जायचे. पंचवीस अंशांची हवा दीडपट दाबली की चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही ती पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर बाहेर येते. तापलेली हवा प्रसरण पावते, मिळवलेलं अर्धं हातचं जातं, आणि पेट्रोल वेळेआधी पेटून नॉकिंग सुरू होतं. कान दिला तर धातूवर खडे आपटल्यासारखा आवाज येतो. तो चालू राहिला तर पिस्टनला भोक पडतं. म्हणून इंटरकूलर लागतो. म्हणून कारखान्यात टर्बोसाठी घडवलेल्या इंजिनाचे पिस्टन वेगळे असतात, कॉम्प्रेशन रेशो कमी असतो, पिस्टनच्या पोटावर तेलाचे फवारे असतात. साध्या इंजिनावर बाजारातला संच चढवला की यातलं काहीच बदललेलं नसतं. फक्त दाब वाढलेला असतो.

स्नोमोबाइलला आणखी एक अडचण आहे. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाचं पाणी सीटखालच्या बोगद्यातल्या अॅल्युमिनियमच्या नळ्यांतून फिरतं आणि मागचा पट्टा उडवतो त्या बर्फाने थंड होतं. भुसभुशीत बर्फात उत्तम. पण शेकडो गाड्यांनी घोटून काचेसारख्या केलेल्या ट्रेलवर बर्फ उडतच नाही, आणि उणे वीस अंशांत इंजिन तापून दिवा पेटतो. त्यासाठी जमिनीवर खरवडत जाणारे तारांचे स्क्रॅचर लावतात. तीस-चाळीस अश्वशक्ती वाढवायची तर तेवढी जादा उष्णताही याच नळ्यांतून काढायला हवी, हे संच विकणारा सहसा सांगत नाही.

शिवाय ताकद मागच्या पट्ट्यापर्यंत पोचते ती आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरसारख्या रबरी बेल्टवरून, शंकूच्या पुल्यांमधून. पुल्यांमधली वजनं आणि स्प्रिंगा मूळ ताकदीला जुळवलेल्या असतात. त्या न बदलता ताकद वाढवली तर इंजिन हव्या त्या फेऱ्यांच्या पुढे पळतं, बेल्ट घसरतो, तापतो, तुटतो. जंगलात, काळोखात, उणे पंचवीसला.

तर भाच्याची उंची. सडबरी समुद्रसपाटीपासून सुमारे ३५० मीटर. मी त्याला फोनवरच हिशेब करून दाखवला. हवेचा दाब हेब्बाळपेक्षा सुमारे सात टक्के जास्त. आणि आमच्याकडे पंचवीस अंश असताना त्याच्याकडे उणे पंचवीस. केल्विनमध्ये २९८ आणि २४८, म्हणजे निव्वळ थंडीनेच हवा वीस टक्के अधिक दाट. दोन्हींचा गुणाकार केला की त्याच्या इंजिनाला दर श्वासात माझ्या मोटारीपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त हवा मिळते. टर्बो ज्या उणिवेसाठी जन्मला, ती उणीव सडबरीत नाहीच.

‘‘मग डोंगरातले लोक टर्बो का घेतात?’’ त्याने विचारलं.

कारण त्यांची उणीव खरी आहे. स्की-डूने २०२१ च्या मॉडेलपासून ८५० सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला कारखान्यातूनच टर्बो दिला, आणि त्याचा दावाच असा होता की सुमारे २,४४० मीटरपर्यंत १६५ अश्वशक्ती कायम राहते. समुद्रकाठी वरकड ताकद देण्यासाठी तो नव्हता, वर गेल्यावर हरवणारी परत आणण्यासाठी होता. कॅनडाच्या पश्चिमेच्या डोंगरांत किंवा गुलमर्गच्या वरच्या उतारांवर स्नोमोबाइल चालवायची असेल तर मी डोळे मिटून असा टर्बो घ्यायला सांगेन. तिथे सुपरचार्जरचं नावही काढू नये.

सखल ट्रेलसाठी माझा कौल असा: ज्याचं इंजिन साधं आहे त्याने ते साधंच ठेवावं. त्याला खरोखर जास्त ताकद हवीच असेल तर जुनी गाडी विकून कारखान्यातून टर्बोसह आलेली फोर-स्ट्रोक घ्यावी. स्की-डूचं ९०० सीसीचं टर्बो इंजिन २०१९ च्या मॉडेलमध्ये दीडशे अश्वशक्ती देत होतं. पिस्टन, पाणी, बेल्ट, संगणक सगळं एकमेकांना जुळवलेलं. ट्रेलवरचा लॅगही अशा इंजिनांत छोट्या टर्बाइनमुळे बराच आटोक्यात असतो. सुपरचार्जरचा संच, त्याचा आणखी एक बेल्ट, बहुधा हातून जाणारी वॉरंटी, आणि दुरुस्तीला माणूस शोधत फिरणं, हे सगळं घेऊ नये. त्यात यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा धंदा बंद करण्याचं जाहीर केलं, आणि हे संच तर मुख्यतः त्यांच्याच इंजिनांसाठी होते.

भाच्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती कॅनडात मुलं-भाचरं असलेल्या प्रत्येक घराने आपल्या माणसाला सांगावी. ऑन्टारिओच्या कायद्याप्रमाणे ट्रेलवरची वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे. त्याचं आहे ते साधं इंजिन, त्या दाट थंड हवेत, हा वेग अर्ध्या ताकदीतच गाठतं. उरलेले पैसे चांगल्या हेल्मेटवर, गरम हातमोज्यांवर आणि सीटखाली ठेवायच्या एका जादा बेल्टवर खर्च करावेत.